दुपारचं खाणं

१

दिवसभर मोटारी आणि दोरखंडांच्या खडखडाटात उभं राहणाऱ्या माणसाला घरी आल्यावर शांतता हवी असते, असं लोकांना वाटतं. आपल्या या लिफ्ट मेकॅनिकचं उलट होतं. काहीतरी गुणगुणत असलं की त्याचा जीव थाऱ्यावर असायचा. आवाज चालू आहे तोवर यंत्र ठीक आहे, आवाज थांबला की धावा, हे कामानंच त्याच्या अंगात मुरवलं होतं. म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी घरात आली तेव्हा मासे बघून तो खूश झालाच, पण पंपाचा बारीक, एकसुरी आवाज ऐकून जास्त खूश झाला.

हॉल आणि लहान खोली यांच्यामधल्या भिंतीत खिडकीएवढं एक भगदाड आधीपासूनच होतं. आधीच्या भाडेकरूनं ते कशासाठी पाडलं होतं, देव जाणे. मेकॅनिकनं त्यात टाकी बसवली. दोन्ही बाजूंना काच. हॉलमधल्या खुर्चीवर बसलं की मासे दिसायचे, आणि माशांच्या मागे, पाण्यातून तुटक तुटक झालेली लहान खोली. त्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मिठाच्या बादल्या आणि एक स्टूल होतं. टाकीचं झाकण आणि पंपाचं बटण त्याच बाजूला.

मासे होते पाइपफिश. समुद्रघोडा सगळ्यांनी चित्रात पाहिलेला असतो. त्यालाच कोणीतरी दोन्ही टोकांना धरून सरळ ओढलं, तर जे होईल ते हे. पेन्सिलीएवढे लांब, नळीसारखं तोंड, आणि पोटात जठर नावाची गोष्टच नाही. त्यामुळे थोडं थोडं, पण सारखं खायला लागतं. हे मासे समुद्रातून धरलेले नव्हते. शाळेतून निवृत्त झालेल्या एका विज्ञानाच्या मास्तरांनी ते आपल्या घरच्या टाक्यांत पैदा केले होते.

"यांनी समुद्र बघितलेला नाही," मास्तर म्हणाले होते. "काच, ड्रॉपर आणि समोर बसलेला माणूस, एवढंच यांचं जग. पंप बंद करा, पाणी संथ झालं की ड्रॉपरनं एकेक बारीक कोळंबी सोडा. आवाज थांबला म्हणजे जेवण आलं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दुपारचं मात्र चुकवू नका."

यांच्यात पिल्लं नर सांभाळतो, हे ऐकल्यावर मेकॅनिकच्या बायकोला फार आनंद झाला होता. "बघा, शिका काहीतरी! त्यांच्यातला नवरा पोटाला पिशवी बांधून पोरं वाढवतो, आमच्या नवऱ्याला भाजीची पिशवी जड होते." तेव्हा ती असं बोलायची. मेकॅनिक हसायचा, आणि त्याला वाटायचं की हसणं म्हणजेच उत्तर झालं.

२

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकावर चष्मा नीट बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मालक दुसऱ्या शहरात नवं दुकान काढत होते आणि ते तिनं सांभाळावं, अशी त्यांची इच्छा होती. एका रात्री जेवताना तिनं हे सांगितलं आणि घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली.

मेकॅनिकचं लक्ष फ्रिजच्या आवाजाकडे होतं. आवाज जरा घोगरा येत होता.

"जा की," तो म्हणाला. "तुला कोण धरून ठेवतंय?"

खरं सांगायचं तर हे त्यानं मोठ्या मनानं म्हटलं होतं. पण तोंडातून बाहेर पडताना त्या वाक्याचं काय झालं, ते त्यालाच ऐकू आलं. बायको "बरं" म्हणाली आणि तिनं ताट उचललं.

त्यानंतर घरात बोलणं उरलं ते दूध, किल्ली आणि गॅसपुरतं. तो हॉलमध्ये झोपू लागला. महिनाअखेरीला तिला मालकांना होय-नाही कळवायचं होतं. 'जाऊ नकोस' एवढेच दोन शब्द त्याला म्हणायचे होते. दोन मजल्यांमध्ये अडकलेली लिफ्ट तो माणसांसकट खाली आणायचा, पण हे दोन शब्द त्याच्या घशातून खाली-वर होईनात. ती जाईल, आणि आपण या पंपाचा आवाज ऐकत म्हातारे होऊ, असं त्याला वाटायचं.

माशांचं तेवढं ठरलेलं चालू राहिलं. सकाळी तो खायला घालायचा, संध्याकाळी ती. दुपारी दोघंही कामावर, त्यामुळे दुपारचं खाणं बुडायचं.

३

पहिल्यांदा लक्षात आली ती माशांची पोटं.

सकाळी ती खपाटीला गेलेली असायची, तशी आता नसत. मासे भरले होते. त्यांच्या अंगावरचे पिवळसर पट्टे उजळले होते. नराच्या पोटाखालची घडी फुगली होती, म्हणजे जोडीचं जमलं होतं. मग एका संध्याकाळी तो बायकोच्या आधी घरी आला, तर ड्रॉपर ओला. सकाळी त्यानं तो पुसून उपडा ठेवला होता.

खाऱ्या टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं. मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालायचं असतं. खारं घातलं की खारेपणा चढतो आणि मासे तडफडतात. पाण्याची पातळी कळावी म्हणून मेकॅनिकनं काचेवर चिकटपट्टी लावली होती. गेले कित्येक दिवस पाणी पट्टीच्या खाली गेलंच नव्हतं. खारेपणा मोजला, तो जिथल्या तिथे. ज्यानं कोणी पाणी घातलं, त्याला कामाची माहिती होती.

कोण, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. घरात तिसरं होतंच कोण? दुकान हाकेच्या अंतरावर आहे, दुपारी जेवणाची सुट्टी असते. ती येत असणार. तोंडानं बोलत नाही, पण दुपारी येऊन त्याच्या माशांना भरवते आहे. जायचं ठरवलेली बाई असं करेल का? त्याचा जीव भांड्यात पडला.

मग त्यानंही बोलण्याऐवजी जे जमतं ते केलं. लहान खोलीच्या दाराची कडी करकरायची, तिला तेल घातलं. टणक स्टुलावर तिला बसावं लागू नये म्हणून एक निळी उशी आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी उशी मधोमध दबलेली होती. हात लावला तर ओलसर, आणि कडेनं मिठाची पांढरी रेघ.

एवढं पाणी कसं सांडवते ही, असं मनाशी म्हणत त्यानं उशी गॅलरीत वाळत घातली. बायकोनं ती पाहिली. काहीतरी बोलेलसं वाटलं, पण नुसती हसली. कित्येक दिवसांनी हसली.

४

माशांचा व्हिडिओ त्यानं मास्तरांना नेऊन दाखवला. कौतुक करून घ्यायचं होतं, दुसरं काय. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांपाशी नेला.

"वा! दुपारचं सुरू केलंत वाटतं."

"मी नाही, बायको करते."

"नुसतं खायला घालत नाहीत त्या. बसतात त्यांच्याजवळ. बराच वेळ बसतात." त्यांनी बोट ठेवलं. "हे बघा, तुम्ही हॉलमधून फोन धरलाय ना? एक तरी तुमच्याकडे बघतोय का? सगळे उभे, एका रांगेत, आणि पाठ तुमच्याकडे."

"मग?"

"मग काय, पलीकडे बसलेल्याकडे बघतायत."

"हा मी सकाळी काढला, मास्तर. पलीकडे कोणी नव्हतं. ती अंघोळीला गेली होती."

मास्तरांनी फोन परत दिला. "सवय," ते म्हणाले. "सवय लागली की रिकाम्या जागेकडेही बघतात. माणसं नाही का बघत?" पण पुढचा व्हिडिओ बघायला त्यांनी मागितला नाही आणि चहाचंही विचारलं नाही.

५

महिना सरत आला. एका इमारतीत काम लवकर आटोपलं आणि मेकॅनिकनं ठरवलं, आज दुपारी घरी जायचं. ती असेल. तिच्यासमोर उभं राहायचं आणि दोन शब्द टाकायचे. जिन्यानं चढताना तो ते पुटपुटत होता, पाठांतर करणाऱ्या पोरासारखा.

दारात किल्ली लावली आणि आत पंपाचा आवाज थांबला.

त्याला बरं वाटलं. पंप थांबला, म्हणजे ती आहे. दार ढकललं. चपलांच्या कप्प्यात तिच्या चपला नव्हत्या, हे त्याला दिसलं. पण माणसाला जे बघायचं असतं त्याच्या आड चपला येत नाहीत. तो हॉलमध्ये गेला.

मासे पाठमोरे, उभे, ओळीनं. पाण्यावर बारीक वलयं फुटत होती. आणि त्यांच्या पलीकडे स्टुलावर कोणीतरी बसलं होतं. पाण्यातून माणूस असा कधी नीट दिसत नाही. खांदा एकीकडे, मान दुसरीकडे. चेहऱ्याच्या जागी नेमकं शेवाळ साचलेलं होतं. पण बसणं किती स्वस्थ होतं! घाई नाही, हालचाल नाही. ऐकायलाच बसल्यासारखं.

मेकॅनिक खुर्चीत टेकला. काच मध्ये आहे हे बरंच झालं, असं त्याला वाटलं.

"हे बघ," तो म्हणाला, "मला तसं म्हणायचं नव्हतं. जा म्हणालो, पण जाऊ नकोस. तू नसलीस तर मी काय करू? मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. जाऊ नकोस."

डोळे कधी भरले ते त्याला कळलं नाही. पलीकडे एक हात सावकाश वर झाला, तळवा त्याच्याकडे करून. बस, उठू नकोस, असा. तो बसून राहिला. हात तसाच होता. फार वेळ तसाच होता. एवढा वेळ हात उचलून धरला तर तो थरथरायला हवा, असं एका कोपऱ्यात त्याच्या मनात आलं. तिचा थरथरला असता. आणि तिच्या हातात बांगडी असते.

पंप सुरू झाला. पाणी हललं, मासे विखुरले आणि पलीकडचं सगळं मोडून गेलं. मेकॅनिक उठला, बोळातून वळून लहान खोलीत गेला. खोलीत कोणी नव्हतं. खिडकीला गज. ड्रॉपर ओला. उशी इतकी भिजलेली की खाली फरशीवर थेंब पडत होते. त्यानं बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.

तो तसाच पायऱ्या उतरून दुकानात गेला. बायको एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कानामागे चष्म्याची दांडी बसवत होती. मालक गल्ल्यावरून म्हणाले, "अरे, या या! बायकोला जरा समजवा. सकाळपासून जागची हललेली नाही. जेवायलासुद्धा उठली नाही."

ती त्याच्याकडे बघून पुन्हा हसली.

६

रात्री ताट वाढताना ती म्हणाली, "मी नाही म्हणून सांगितलं मालकांना. नाही जात."

ज्या वाक्यासाठी त्यानं महिनाभर देव पाण्यात घालून ठेवले होते, ते हे. आनंद झालाही. आणि त्याच्यापाठोपाठ भीती आली.

"का?" त्यानं विचारलं.

"का म्हणजे? इतकं झाल्यावर?" ती त्याच्यासमोर बसली. "मागे एकदा दुकानाची किल्ली विसरले होते, म्हणून दुपारी आले. बघते तर तुम्ही आत बसलेले. काम टाकून! मी म्हटलं, हा माणूस लग्नात वेळेवर आला नव्हता, माशांना भरवायला येतो! रागच आला आधी. मग या खुर्चीवर बसले आणि सगळं बोलून टाकलं. सगळं. किती वर्षांचं साचलेलं होतं! तुम्ही एक शब्द मध्ये बोलला नाहीत. उठायला लागले तर हात केलात, बस म्हणून. त्यानंतर दोन-तीनदा आले मी."

"तू आत आली नाहीस?"

"नाही. म्हटलं, तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर राहू दे. काच आहे तर बोलता येतंय." तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "पूर्वी तुमच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कुणी ऐकतंय असं मला पहिल्यांदा वाटलं, अहो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. 'तो मी नव्हतो' हे शब्द तर 'जाऊ नकोस'पेक्षा सोपे होते. पण तिचा चेहरा असा उजळला होता की तो विझवायला त्याचा हात होईना. आणि खरं सांगितलं तर ती राहणार कशासाठी? "हं," तो म्हणाला.

"आता मीही रोज दुपारी येत जाईन."

"दुपारी नको," तो घाईनं म्हणाला. "म्हणजे, मी काय म्हणतो, ते मासे मास्तरांना परत देऊन टाकू. फार व्याप होतो."

तिनं हात काढून घेतला. "मासे गेले तर मीही जाते," ती म्हणाली. थट्टेच्या सुरातच म्हणाली, पण त्याला बायकोचे सूर आता ओळखू यायला लागले होते.

७

ती रोज दुपारी घरी जाऊ लागली. तो लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहायचा, हातात पाना, आणि लक्ष घड्याळाकडे. फोन करावा म्हणायचा, करायचा नाही. संध्याकाळी ती प्रसन्न असायची. घरात गाणं गुणगुणायची. "दुपारी म्हटलं तसं," असं म्हणून कुठल्याशा गोष्टीचा अर्धाच भाग सांगायची, कारण उरलेला त्याला माहीतच आहे असं ती धरून चालायची. तो मान डोलवायचा. समोरासमोर मात्र तिचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. बोलून झालेलं असायचं. हॉलमधल्या खुर्चीच्या हातांवर तिच्या तळव्यांच्या जागी आता मिठाचे पांढरे डाग दिसत होते.

आपल्याच घरात दुपारी आपली बायको दुसऱ्याशी बोलते, आणि तो दुसरा म्हणजे आपणच असं तिला वाटतं. याची चीड कोणावर काढायची? मेकॅनिकला भीती वाटत होतीच, पण एके दिवशी भीतीपेक्षा मत्सर मोठा झाला. ती जागा माझी आहे, तो स्वतःशी म्हणाला. मी बसेन तिथे. मी ऐकेन. कुणाला येऊच देणार नाही.

त्यानं रजा टाकली, बायकोला सांगितलं नाही. ती दुकानात गेल्यावर लहान खोलीत जाऊन स्टुलावर बसला. उशी कोरडी होती. दुपार व्हायच्या सुमारास त्यानं पंप बंद केला आणि ड्रॉपरनं एक कोळंबी सोडली. ती तरंगत तरंगत तळाशी गेली. दुसरी सोडली, तीही तळाशी. मासे पार कोपऱ्यात, एकमेकांना बिलगून. हेच मासे सकाळी त्याच्या हातून खात असत.

किल्ली वाजली. बायकोची पावलं आली, खुर्ची सरकली. पाण्यातून तिची साडी, तिचा हात, बांगडी, सगळं तुटक दिसत होतं. तो अगदी स्वस्थ बसला. जमेल तितका स्वस्थ.

"आज काय गंमत झाली माहितीये," तिनं सुरुवात केली, "एक बाई आल्या, आणि..."

ती थांबली. काचेजवळ वाकली.

"कोण आहे आत?"

"अगं, मी," तो म्हणाला.

ती हलली नाही. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ती उभी राहिली होती, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात छातीशी.

"नाही," ती म्हणाली. "ते असे बसत नाहीत."

"अगं, मीच आहे! तू ये इकडे, बघ." हे म्हणताना त्यानं हात वर केला, तळवा तिच्याकडे करून. हात थरथरत होता. ती भिंतीला आणखीच चिकटली. ती घाबरली होती, आणि त्याला घाबरली होती.

तेवढ्यात कोपऱ्यातले मासे सुटे झाले. एकेक करत टाकीच्या मध्यावर आले आणि ओळीनं उभे राहिले, त्याच्याकडे तोंड करून. पण ते त्याच्याकडे बघत नव्हते. त्याच्या खांद्यावरून, थोडं वर, मागे बघत होते. मानेवर काहीतरी गार टपकलं आणि पाठीवरून ओघळलं.

पलीकडे बायकोचे हात छातीवरून खाली आले. तिची नजरही वर सरकली होती. श्वास टाकल्याचा आवाज त्याला काचेतून ऐकू आला, आणि तिचा चेहरा निवळला.

"आलात तुम्ही?" ती म्हणाली. "अहो, बघा ना, तुमच्या जागेवर कोण येऊन बसलंय."